पासंग

अंगणातल्या फरशीवर बास्केटबॉलच्या रिंगपासून फाटकापर्यंत पाच पांढऱ्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघ वेगळ्या तऱ्हेने झिजली होती. रिंगजवळची पहिली जवळजवळ पुसलीच गेली होती. ती कुठे होती हे माहीत असलेल्यालाच ती दिसली असती. दुसरी तुटक तुटक उरली होती. तिसरीचा मधला भाग गेला होता, टोकं शाबूत होती. चौथी बरीचशी नीट होती. आणि पाचवी, फाटकाला चिकटून ओढलेली, काल रंगवल्यासारखी दिसत होती. फक्त तिच्यावर दोन जागा घासून उघड्या पडल्या होत्या, एकमेकींपासून खांद्यांच्या रुंदीएवढ्या अंतरावर. दोन पावलं मावतील एवढ्याच.

तिघा भावंडांतली मधली स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ते बघत होती. वजनमापं तपासण्याची नोकरी करून तिला झीज वाचायची सवय लागली होती. तराजूचा कुठला भाग गुळगुळीत झालाय यावरून दुकानदाराचा अंगठा कुठे पडतो ते तिला कळत असे. अंगणाचंही तसंच होतं. पहिल्या रेघेवर सगळं घर उभं राहून गेलं होतं. पाचवीवर एकटी शिडी.

शिडी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. पोरगी बाराव्या वर्षीच कारखान्यातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा हाताने काढायला लागली, तेव्हा अण्णांनी, तिच्या आजोबांनी, तिला हे नाव दिलं. आता ती सतराची होती आणि दारातून आत येताना मान वाकवायची. इतक्या सवयीने, की दार उंच असलं तरी वाकवायची.

रेघाही अण्णांच्याच. घरामागे त्यांचा लेथचा कारखाना होता. त्याच्या भिंतीवर त्यांनी मुलांसाठी रिंग लावली, ती स्वतः गज वाकवून केलेली, आणि केली ती चुकीची. सांगणाऱ्याने आतलं माप सांगितलं होतं, अण्णांनी ते बाहेरचं धरलं. घरची रिंग त्यामुळे खऱ्या रिंगपेक्षा अरुंद झाली. चूक ध्यानात आली तोवर तिन्ही मुलं त्या रिंगवर तयार झाली होती. राहू दे, अण्णा म्हणाले होते, बाहेर गेलात की जग मोठं वाटेल.

मग नियम आला. थोरला अंगाने दांडगा, धाकटी त्याच्या कमरेला लागणारी. रोज संध्याकाळी रडारड. अण्णांनी एकदा कारखान्यातला जुना तराजू आणून दाखवला. एक पारडं झुकत होतं म्हणून दुसऱ्याला त्यांनी तारेने लोखंडाचा तुकडा बांधला होता. याला पासंग म्हणतात, ते म्हणाले, आणि आपल्याकडे खेळातही तो बांधायचा. जो जिंकेल त्याने पुढचा डाव एक रेघ मागून खेळायचा. जिंकतच राहिला तर एक हात खिशात. तंटा मिटला. मधली तेव्हापासूनच पंच होती. ती हरायचीही नाही आणि जिंकायचीही नाही, म्हणून शिट्टी तिच्याकडे दिली होती, आणि ती तिच्याकडेच राहिली.

पुढच्या पिढीत धाकटीची मुलगी चिमणी आणि शिडी त्याच अंगणात उतरल्या तेव्हा नियम आपोआप लागू झाला. शिडी मागे सरकत सरकत फाटकाला टेकली. मग अंगण संपलं. तेव्हा ठरलं, तिने डाव्या हाताने खेळायचं. मग उडी मारायची नाही. मग चेंडू एकदाच आपटायचा. एका सुट्टीत तिच्या डाव्या डोळ्यावर रुमालही बांधला होता, आणि सगळं घर हसून लोळलं होतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट मोठेपणाच वाटायचा, की आपल्या घरात धाकटं कुणी सतत हरत नाही.

आत भांड्यांचा आवाज होत होता. आज सगळे जेवायला जमले होते ते गेल्या आठवड्यातल्या सामन्यामुळे, पण त्याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

त्या सामन्याला नेमलेला पंच ऐनवेळी आजारी पडला आणि मधलीला उभं राहावं लागलं. एरवी ती शिडीच्या सामन्यांना पंच म्हणून जायचं टाळत असे. एका बाजूला शिडीचा क्लब, दुसऱ्या बाजूला चिमणीचा. चिमणी गेल्या वर्षी शिडीचा क्लब सोडून तिकडे गेली होती. कारण विचारल्यावर ती म्हणाली होती, शिडीच्या संघात बाकी चौघींचं काम चेंडू तिच्याकडे पोचवायचं, ते टपालवालाही करील. मध्यंतरापर्यंत निकाल लागल्यातच जमा होता. मध्यंतरानंतर चिमणी मैदानात आली, आपल्या बाजूच्या रिंगखाली गेली आणि खाली बसली. मांडी घालून. मग तिच्या संघातल्या बाकीच्या चौघीही एकेक करून बसल्या.

प्रेक्षकांत आधी हशा पिकला, मग तो विरला. शिडीच्या हातात चेंडू आला. समोर मोकळी रिंग, अडवायला कुणी नाही. ती चेंडू धरून उभी राहिली. खांद्यात किंचित वाकून, जशी ती दारात वाकते तशी. वेळेच्या आत चेंडू फेकायचा असतो, नाहीतर तो दुसऱ्या संघाकडे जातो. मधलीने मनात वेळ मोजली. वेळ संपली, आणि तिने शिट्टी वाजवली. खेळली नाही म्हणून भाचीविरुद्ध दिलेली शिट्टी. शिडीने चेंडू तिच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "आत्या, मी काय करायला हवं होतं?"



जेवणाच्या टेबलावर अण्णा एका टोकाला, थोरला दुसऱ्या. मुली नव्हत्या. चिमणी आल्या आल्या ताट घेऊन कारखान्यात जाऊन बसली होती आणि शिडीने भूक नाही म्हणून सांगितलं होतं. दोघी त्या दिवसापासून बोलत नव्हत्या. बाहेरून मधूनमधून चेंडू आपटल्याचा आवाज येई, मग थांबे.

विषय धाकटीनेच काढला, आणि सरळ काढला. लीगच्या समितीची उद्या बैठक होती. दोन क्लबांनी आधीच नावं काढून घेतली होती, तिसरा काठावर होता. त्यांचं म्हणणं एकच: शिडी एका सामन्यात चार भागांपैकी दोनच भाग खेळेल असा नियम करा, नाहीतर आम्ही नाही. आणि समितीने मत मागितलं होतं मधलीकडे. पंचांची प्रमुख म्हणून, आणि शिवाय, अध्यक्ष हसत म्हणाले होते, दोन्ही पारड्यांत तुमचंच माणूस आहे, तुम्ही कुणीकडे झुकणार?

थोरला ऐकत असताना भाकरीचे तुकडे करत होता आणि खात नव्हता. तो म्हणाला, पोरीने कधी कुणाला धक्का मारला नाही, कधी पंचाशी वाद घातला नाही, कधी सराव बुडवला नाही. मग शिक्षा कशाची? उंचीची? मग उद्या हुशार पोरांना अर्धाच पेपर लिहू द्या.

"दादा, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करू नकोस," धाकटी म्हणाली. "माझी पोरगी पहाटे उठून पळायला जाते. तिलाही वाटतं ना, आपण जिंकू शकतो. निदान वाटायला तरी हवं ना?"

"तुझी पोरगी खाली बसली. भर मैदानात."

"हो, बसली. उभं राहून काय उपयोग होत होता?"

अण्णांना कमी ऐकू यायचं, पण भांडण ते ओठांवरून ओळखायचे. त्यांनी विचारलं, नाचता येईना आणि अंगण वाकडं, असं चाललंय का काही? धाकटी म्हणाली, अण्णा, उलट आहे, इथे एकीलाच इतकं नाचता येतं की बाकीच्यांनी अंगण सोडलंय. अण्णांनी मान डोलावली आणि बटाट्याची फोड तोंडात टाकली.

इथपर्यंत मधलीला सगळं अपेक्षित होतं. भाऊ आपल्या मुलीच्या बाजूने, बहीण आपल्या. पण मग वहिनी, शिडीची आई, बोलल्या. वहिनी या घरात वाद चालू असताना सहसा वाढत असत. आता त्या पातेलं हातात घेऊनच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला हा नियम चालेल.

थोरल्याने वर पाहिलं.

"अर्धा खेळली तर काय बिघडतं?" वहिनी म्हणाल्या. "घरी तर राहील. नाहीतर ते केंद्रवाले बसलेच आहेत वाट बघत."

केंद्राचं नाव या घरात सहसा निघत नसे. लांबच्या शहरात एक प्रशिक्षण केंद्र होतं. तिथल्या प्रशिक्षक बाई थंडीत येऊन शिडीचा खेळ बघून गेल्या, मग पुन्हा एकदा येऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या की जागा राखून ठेवते, महिनाअखेर कळवा. तो महिना संपत आला होता. थोरल्याला विचारलं की तो म्हणे, बघू. वहिनी म्हणत, तिच्या बाबांना विचारा. आणि शिडीला विचारलं की ती मधलीकडे बघून म्हणे, आत्या म्हणेल तसं. मग मधलीही म्हणे, बघू.

मधलीने पाहिलं, भावाच्या चेहऱ्यावरचा ताण कसा सैल होत गेला. तो आधी म्हणाला, पण हे बरोबर नाही. मग म्हणाला, तत्त्वाने बरोबर नाही. मग पाण्याचा ग्लास हातात घेऊन बराच वेळ तो फिरवत राहिला आणि म्हणाला, दोन भाग म्हणजे तसे कमी नाहीत, दोन भागांतही ती बाकीच्यांपेक्षा जास्तच करील. धाकटी लगेच पुढे सरकली. तिचा आवाज मऊ झाला. तेच तर म्हणतेय दादा, ती म्हणाली, तिचं काही जात नाही, आणि लीग टिकते, आणि दोघी बहिणी पुन्हा एकत्र खेळतील. वहिनींनी थोरल्याला आणखी भाजी वाढली. जेवण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो जेवायला लागला.

किती पटकन, मधलीला वाटलं. वाद मिटला होता. आणि तो मिटला होता बाहेर चेंडू आपटणाऱ्या मुलीवर आणखी एक वजन टाकून. नेहमीसारखाच.

"मग झालं तर," धाकटी म्हणाली. "ताई, तू फक्त हो म्हणायचंस."

सगळे तिच्याकडे बघत होते. प्रेमाने बघत होते, आणि तेच अवघड होतं. कारण हो म्हणावंसं तिलाही वाटत होतं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. रोज संध्याकाळी शिडी तिकडे यायची. दाराशी तिचे बूट, होडीएवढे, निम्मं पायपुसणं व्यापून. ती पाय लांब करून जमिनीवर बसायची, कारण खुर्चीत तिचे गुडघे टेबलाला लागायचे. फारसं बोलणं व्हायचं नाही. मधली कामाचे कागद बघायची, शिडी अभ्यास करायची किंवा नुसती बसायची. दिवा गेला की शिडी उभी राहून हात वर करायची आणि बदलायची. मधलीच्या घरात स्टूल नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत त्याची गरज पडली नव्हती.

तिच्या कचेरीत प्रमाण वजनांची एक पेटी होती, मखमलीच्या खळग्यांत ठेवलेली. ती वजनं बोटांनी उचलायची नसतात. बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं. चिमट्याने उचलायची. नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची. आणि आता तिला स्पष्ट दिसत होतं की या पारड्यावर तिचा आख्खा तळहात पडलेला आहे.

"मी चहा घेऊन बाहेर जाते," ती म्हणाली.

बाहेर शिडी पाचव्या रेघेवर उभी होती, डाव्या हाताने चेंडू टाकत. पाय जमिनीला टेकलेले, उडी नाही. एकटी असतानाही ती पासंग सोडत नव्हती. चेंडू अरुंद रिंगमधून जायचा, रिंगला न शिवता, आणि घरंगळत परत यायचा, कारण फरशीला उतार होता. परत आणून द्यायला कुणी लागत नव्हतं. चिमणी कारखान्याच्या दारात उंबऱ्यावर बसली होती, रिकामं ताट बाजूला ठेवून, आणि आपल्या बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होती.

मधलीने चहाचे कप पायरीवर ठेवले. कुणी उठलं नाही.

"आत सगळं ठरलं असेल," चिमणी म्हणाली. ती लहानखुरी होती, चेहरा आईचा, बोलणंही आईचंच.

"जवळजवळ."

"दोन भाग?"

"हं."

चिमणी शिडीकडे न बघता बोलत होती, पण शिडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती म्हणाली, मावशी, तुला माहितीये, तिचा डावा हात मी दिलाय तिला. उजवा मी बांधायला लावला म्हणून. उडी न मारता टाकते ते पण मीच. तुम्ही सगळे म्हणायचात की दोघींचा डाव बरोबरीत यायला हवा, आणि मी रोज नवं काहीतरी शोधून काढायचे, आणि ही रोज ते शिकायची. "आता दोनच भाग खेळू देताय ना? बघ, वर्षभरात दोन भागांत चारांचं करून दाखवील. तेव्हा काय करणार? एकच भाग?"

शिडीने चेंडू थांबवला होता. तो तिच्या हातात संत्र्याएवढा वाटत होता.

"तू खाली का बसलीस?" तिने विचारलं. आठवडाभरातला तो पहिला प्रश्न असावा.

चिमणीने नाडी ओढून घट्ट केली. "तू मला ढकलत होतीस का कधी, नाही. हसत होतीस का, नाही. तू हळू खेळत होतीस. पहिल्या भागात तू माझ्या समोर आलीस आणि हात खाली घेतलास. मला एक टाकू दिलास. मला कळत नाही असं वाटलं तुला?"

शिडीचे कान लाल झाले.

"लहानपणापासून मी या अंगणात जिंकत आले," चिमणी म्हणाली, "आणि त्यातलं एकदाही मी जिंकलेले नाही. ते बाहेर जाऊन कळतं. मी तुझ्या पासंगालाही पुरत नाही, हे मला माहितीये. पण ते तू लपवलंस तर मला राग येतो."

मधली मध्ये पडणार होती. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. तिचा हात गळ्याकडे गेला, जिथे सामन्याच्या दिवशी शिट्टी असते, आणि तिथे काही नव्हतं. मग ती चिमणीला म्हणाली, "एक डाव खेळशील? पासंगाशिवाय?"

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. असा डाव या अंगणात कधी झाला नव्हता.

चिमणी उठली आणि कपडे झटकून पहिल्या रेघेवर, म्हणजे ती जिथे होती तिथे, येऊन उभी राहिली. शिडी फाटकापासून हलली नाही. मधलीला वाटलं, ती नाही म्हणेल. तिने चेंडू डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. मग परत डाव्यात. मग ती चालत पुढे आली, चौथी, तिसरी, दुसरी रेघ ओलांडून, बहिणीच्या समोर.

"हळू खेळलीस तर मी घरी जाईन," चिमणी म्हणाली.

मधलीने आजवर शिडीचे शंभर सामने पाहिले असतील. हे तिने पाहिलं नव्हतं. शिडी वाकून उभी राहत नव्हती. पाठ सरळ झाल्यावर ती आणखी कुणीतरी दिसत होती, कारखान्याच्या भिंतीच्या निम्म्यावर पोचणारी. चिमणी चपळ होती, लीगमध्ये तिच्याइतकी चपळ दुसरी नव्हती. ती खालून शिरली, वळली, फसवून पुन्हा वळली, आणि प्रत्येक वेळी चेंडू तिच्या हातातून गेलेला असे, कधी गेला ते न कळता. शिडी धसमुसळेपणा करत नव्हती. ती फक्त होती तेवढी होती. उडी मारून तिने चेंडू रिंगमध्ये वरून ठेवला, तेव्हा गज थरथरला आणि भिंतीतून पोपडे खाली पडले.

आवाज ऐकून आतले सगळे दारात आले. वहिनींच्या हातात फडकं होतं. धाकटी म्हणाली, हे काय चाललंय. थोरला आपल्या मुलीकडे असा बघत होता जसा माणूस ओळखीच्या रस्त्यावर नवं घर बघतो. अण्णा काठी टेकत पुढे आले. त्यांनी हिशेब विचारला नाही, कोण जिंकतंय ते विचारलं नाही. त्यांनी शिडीचा उजवा हात बघितला आणि म्हणाले, हा इतके दिवस कुठे होता?

चिमणीचा एकही चेंडू आत गेला नाही. शेवटी ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी राहिली आणि हसली. तिचं तोंड घामाने आणि कदाचित आणखी कशाने तरी ओलं होतं. "बापरे," ती म्हणाली. "असं आहे होय." आणि पायरीवरचा गार झालेला चहा उचलून तिने एका दमात संपवला, शिडीचाही.

शिडी रिंगखालीच उभी होती. हसत नव्हती, रडत नव्हती. जत्रेत हात सुटलेलं मूल पहिल्या क्षणी जसं उभं राहतं, रडायच्या आधी, तशी.

धाकटीने घसा साफ केला. तिने मुलीचा खांदा धरला आणि बहिणीला विचारलं, पण आवाज मघासारखा मऊ नव्हता, नुसता दमलेला होता. "मग ताई, उद्या काय सांगणार समितीला?"

"नको म्हणून सांगणार," मधली म्हणाली. "पासंग खोट्या काट्याला बांधतात. हा काटा खरा आहे."

"मग क्लब उठून जातील," थोरला म्हणाला. मघाशी हे म्हणणं धाकटीचं होतं, वादासाठी. आता ते तो खरोखर विचारत होता. "लीगच राहणार नाही. बाकीच्या पोरींनी काय करायचं? चिमणीने काय करायचं?"

त्याचं बरोबर होतं. मधलीला ते कुठल्याही बाजूने नाकारता येत नव्हतं. शिडीला अर्धं करणं अन्याय होता, आणि शिडी पूर्ण उभी राहिली की बाकीच्यांना खाली बसण्यावाचून काही उरत नव्हतं, तोही. दोन्ही पारड्यांत खरं वजन होतं. फक्त तराजू लहान होता. हे कळायला तिला हा डाव लागला नव्हता. थंडीत त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाच कळलं होतं. तेव्हापासून ती बघू म्हणत होती, आणि रोज संध्याकाळी दाराशी बुटांचा आवाज आला की तिला बरं वाटत होतं.

ती उठून शिडीजवळ गेली. वर बघून बोलायची तिला सवय होती, पण आज जरा जास्तच वर बघावं लागलं.

"केंद्राला काय कळवायचं?" तिने विचारलं.

वहिनी काही म्हणायला पुढे झाल्या आणि थोरल्याने त्यांच्या मनगटाला हात लावला.

"तू म्हणशील तसं, आत्या."

"मी काही म्हणणार नाही. मी पंच आहे. आणि मी खेळत नसतानासुद्धा माझा हात मध्ये येतो." ती थांबली. पुढचं वाक्य तिला सोपं गेलं नाही. "माझ्या घरात दिव्याचं काय होईल, हा विचार तू करायचा नाहीस. स्टूल मिळतं बाजारात."

शिडीने खाली पाहिलं, फरशीकडे. तिच्या पायाखाली पहिली रेघ होती, किंवा तिची होती ती जागा. तिने बुटाच्या टोकाने तिथली धूळ जरा बाजूला केली, काही उरलंय का ते बघत असल्यासारखी. मग फाटकाकडे बघितलं, पाचव्या रेघेवरच्या त्या दोन उघड्या जागांकडे, आणि चेंडू चिमणीकडे टाकला. हलकेच नाही, जोरात, सरळ छातीवर. चिमणीने तो धडपडत झेलला.

"मला हरायचंय, आत्या," ती म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम न सोडता, काही न बांधता, मला नीट हरवायला हवं. इथे ते होणार नाही." तिने मान वर केली, पूर्ण. "मी जाते."